गाडी जुनी, डिझेल रोजचे



आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने वडिलांच्या फंडाच्या पैशातून घ्यायला जुनी टाटा सफारी पाहून ठेवली, फोर-व्हील-ड्राइव्हवाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची भाडी मिळतील, हा त्याचा हिशोब. विकणारा म्हणाला, लिटरला 13 किलोमीटर देते. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. इथे तर ॲव्हरेज विकणाऱ्याच्याच तोंडचे!

मग आम्ही पंप आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली, मीटरचा आकडा वहीत लिहिला आणि मालकासह सहा माणसे बसवून गाडी 180 किलोमीटर फिरवली. त्याच पंपावर पुन्हा भरली तेव्हा 20 लिटर बसले. म्हणजे 9.

यात बिघाड काही नाही. 1998 साली आलेली ही सफारी वजनाने दोन टनांच्या आसपास, अंगाने उंच नि चौकोनी. पुढच्या चाकांना ताकद नेणारा जादा गिअरबॉक्स डांबरी रस्त्यावरही ओझे म्हणून सोबत असतोच. कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडून पळवली तर टायर घासतात आणि डिझेल आणखी जाते.

महिन्याला 2000 किलोमीटर धरा. 13 ने 154 लिटर, 9 ने 222. फरक 68 लिटरचा. लिटरला 90 रुपये धरले तर 6,120 रुपये. धाकट्या बहिणीची कॉलेजची फी याच कमाईतून जायची होती.

आकडे ऐकून त्याची आई एवढेच म्हणाली, "चिखलातली भाडी कोण देणार तुला? साधी गाडी बघ." आता तो तशी शोधतो आहे. वही मात्र खिशात ठेवून!