संसार बांधून नेताना

मराठीतले 'बांधणे' हे क्रियापद मोठे कामसू आहे. आपण घर बांधतो, फेटा बांधतो, पूजा बांधतो, शिदोरी बांधतो. आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसेल तो निदान अंदाज तरी बांधतो. वर्गात हे प्रयोग सांगताना मुलांनाही मौज वाटते. पण दिवाळीच्या सुमारास वाशिमच्या कोणत्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोर बांधणे आणि अंदाज बांधणे ही दोन कामे आपले लोक एकदमच उरकतात.

सोयाबीनची पोती बाजार समितीकडे चाललेली असतात. कुणाची बदली झालेली असते, आणि त्याचे लोखंडी कपाट पिकअपच्या हौद्यात आरशासकट आकाशाकडे तोंड करून पडलेले असते. आणि सण आटोपला की तांड्यातांड्यांतून ऊसतोडीला निघालेले संसार दिसू लागतात. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, पिकअप असो. त्यात चूल असते, पिंप असते, घमेली, ताडपत्री, कोंबड्यांचे डालगे आणि धान्याच्या गोण्या असतात, अन् या सगळ्यांच्या वर माणसे बसलेली असतात. सहा महिन्यांचे घर चार चाकांवर चढलेले असते आणि ते एका दोरावर विसंबलेले असते. तो दोर कसा असावा आणि कुठे बांधावा, यावर यंदा चार शब्द लिहावेत असे वाटले. दिवाळी अंकात हा विषय कोणाला रुक्ष वाटेल. पण आपल्या करंजीतली साखर याच रस्त्याने आलेली असते.

घर पाठीवर घेऊन हिंडण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे; ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा म्हणजे लदेणी, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेणे. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडला. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो संपूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबण्याची पाळी, असे वर्णन त्याने करून ठेवले आहे. एवढा माल बैलाच्या पाठीवर टिकायचा तो मुख्यतः तोलामुळे. गोणी पाठीवर आडवी टाकायची आणि दोन्ही अंगांना भार सारखा ठेवायचा. एक बाजू जड झाली की कितीही आवळा, गोणी फिरणारच. दोराचे काम होते तोल राखायचे. तोल नसेल तिथे तो आणायचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि लदेणी बसली. तोलाचा हा धडा मात्र पिकअपच्या हौद्यातही जसाच्या तसा लागू पडतो.

माझा एक जुना विद्यार्थी पिकअप चालवतो. कविता त्याला कधी पाठ झाल्या नाहीत, पण रस्ते मुखोद्गत आहेत. एका भजनी मंडळाबरोबर पंढरपूरला जाण्याचे काम त्याने घेतले. आषाढीच्या वारीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आमच्या जिल्ह्यातून जाते. त्या दिवसांत अशा कितीतरी गाड्या लहानमोठ्या दिंड्यांच्या मागेपुढे असतात. वारकरी पायी चालतात, पण स्वयंपाकाचा पसारा गाडीतून जातो. याने लोखंडी चौकटीवर प्लायवूड ठोकून एक मोठे खोकेच तयार केले. आत फळ्या, शेगडी आणि भांडी. वारी संपली की उतरवून ठेवायचे. भांड्यांसकट वजन पाचशे किलो भरले. ते हौद्यात ठेवून चारी कोपरे त्याने हौद्याच्या फाळक्यांवरच्या आकड्यांना बांधले आणि मला दाखवायला आणले.

"सर, दोर नवा कोरा हाय. एवढ्यानं काई तुटत नाई."

गावाबाहेरच्या गॅरेजातले एक वयस्क मिस्त्री तिथे उभे होते. त्यांनी फाळका हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "दोर नाई तुटणार. ज्याले बांधला तेच येईन उपटून."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. पिकअपचा फाळका बिजागरीवर उघडतो, कड्यावर मिटतो. ताडपत्रीची दोरी अडकवायला त्यावरचे आकडे ठीक. पाचशे किलोंचा हिसका सोसायला ते घडवलेले नसतात. गाडीचा खरा कणा म्हणजे चेसिस, खालून जाणाऱ्या दोन लांब पोलादी तुळया. हौदा त्यांच्यावर बोल्टांनी बसवलेला असतो. म्हणून जड वस्तू बांधायची ती चेसिसला, नाहीतर हौद्याच्या तळाशी आडव्या गेलेल्या पोलादी पट्ट्यांना पक्क्या बसवलेल्या कड्यांना. चेसिसवर मन मानेल तिथे वेल्डिंग मात्र करू नये. पोलाद तापले की त्या जागी त्याची ताकद जाते. आधीच असलेल्या भोकांतून बोल्ट घ्यावा किंवा शिकंजा आवळावा.

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात बसणारी लहानशी घरेच मिळतात. बिछाना, चूल, मोरी सगळे आत. सुटी संपली की उतरवून अंगणात ठेवायचे. तिथल्या लोकांचाही वाद नेमका हाच असतो, की चार कोपऱ्यांचे ताण हौद्याच्या कडांना द्यावेत की चेसिसला. हौद्याला बांधणे स्वस्त आणि सोपे, म्हणून हलक्या घरासाठी ते चालवून घेतात. जड घराला मात्र चेसिसचाच आधार देतात. कारण हौद्याचा पत्रा पिळवटलेला आणि फाटलेला अनेकांनी पाहिला आहे. तेव्हा आमच्या मिस्त्रींचे मत सातासमुद्रापलीकडेही मान्य आहे म्हणायचे.

आता ताण किती येतो ते पाहू. माल बांधण्याचे जे नियम युरोपात आणि अमेरिकेत आहेत, त्यांत एक साधा हिशेब धरला आहे. करकचून ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या आठ दशांश जोराने पुढे धावतो, आणि वळणावर निम्म्या वजनाच्या जोराने बाजूला रेटतो. म्हणजे पाचशे किलोंचे खोके ब्रेकच्या क्षणी चारशे किलोंनी पुढे ढकलते आणि वळणावर अडीचशे किलोंनी बाहेर. पातूरहून मेडशीकडे येताना घाटात हे दोन्ही प्रसंग पाठोपाठ येतात.

म्हणून चार ताण चार दिशांना हवेत. पुढचे दोन कोपऱ्यातून खाली आणि पुढे ओढणारे, मागचे दोन खाली आणि मागे ओढणारे. शिवाय डावे-उजवे एकमेकांविरुद्ध. खोके पुढे जाऊ लागले की मागचे दोन अडवतात, मागे सरले की पुढचे दोन. नुसता वरून आडवा टाकलेला दोर खोक्याला खाली दाबतो खरा, पण त्याची बाजू जितकी तिरपी तितका दाब कमी. आडव्या पातळीशी तीस अंशांचा कोन झाला तर दोराच्या ताणाचा निम्माच भाग दाबाच्या कामी येतो. तळाशी रबराचा जाड तुकडा अंथरावा. गुळगुळीत पत्र्यापेक्षा रबर मालाला किती तरी घट्ट धरून ठेवते. जड सामान तळाशी ठेवावे आणि खोके पुढच्या भिंतीला टेकवावे, म्हणजे मुख्य भार मागच्या आसाच्या पुढे राहतो. लदेणीचा तोल तो हाच. आणि खोके आवळायचे ते त्याच्या लोखंडी चौकटीला धरून; प्लायवूडला धरून आवळले तर दोर शाबूत राहील आणि प्लायवूड हातात येईल.

राहिला प्रश्न दोराच्या निवडीचा. आपल्या भाषेने दोरांना कामाप्रमाणे नावे दिली: गुराच्या गळ्यात दावे, नाकात वेसण, बैल हाकणाऱ्याच्या हाती कासरा, मोटेला नाडा. एकाचे काम दुसऱ्याला सांगत नसत. आज मात्र सगळ्या कामांना एकच रंगीबेरंगी 'नायलॉनची दोरी'. बाजारात जिला हे नाव आहे, ती पुष्कळदा नायलॉनची नसतेच. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची असते. ऊन खाऊन ती ठिसूळ होते, आणि हाताला भुसा लागू लागला की तिचे आयुष्य संपले समजावे. खरे नायलॉन बळकट, पण ते ताणले जाते आणि भिजल्यावर अधिकच सैलावते. अंबाडीच्या किंवा तागाच्या दोराची तऱ्हा उलटी. भिजला की आखडतो आणि वाळला की ढिला पडतो; म्हणून तर जुने लोक पावसात तंबूचे दोर सैल करीत. वारीच्या दिवसांत सकाळी पाऊस अन् दुपारी ऊन असले, की असा दोर दिवसातून दोनदा फसवतो.

जड खोक्यासाठी सर्वांत भरवशाचा तो पॉलिएस्टरचा रुंद पट्टा आणि त्याला जोडलेला रॅचेट. हा पट्टा फारसा ताणला जात नाही, पाणी पीत नाही आणि दातेरी चाकाने हवा तेवढा आवळता येतो. त्यावर शिवलेली चिठ्ठी मात्र वाचून घ्यावी. तुटण्याची ताकद वेगळी आणि वापरण्याची वेगळी. दुसरी पहिलीच्या साधारण एकतृतीयांश धरण्याची रीत आहे. दुकानदार सांगतो तो आकडा बहुधा पहिला असतो. पट्टा धारदार कडेवरून जात असेल तर मध्ये गोणपाटाची जाड घडी घालावी. पट्ट्याला गाठ तर कधीच मारू नये. दोराला मारावीच लागते, पण गाठीच्या जागी दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटते, हे लक्षात ठेवावे. आणि गाठ सुरगाठ की निरगाठ? झटकन सुटणारी सुरगाठ हादऱ्यांनीही सुटते, आणि निरगाठ रात्री अंधारात घाईच्या वेळी सुटत नाही. रॅचेटने हा जुना वाद मिटवला आहे. तो आपण होऊन सुटत नाही आणि सोडायला गेले की सुटतो.

त्या विद्यार्थ्याने चेसिसला चार कडी बोल्टांनी बसवून घेतली आणि चार पट्टे विकत घेतले. पैसे मोजताना तो जरा कुरकुरला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि माल गाडीच्या अंगाबाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर आला तर तेव्हापासून दंड वीस हजार रुपयांचा आहे, असे सांगितल्यावर तो गप्प झाला. पट्टे त्यामानाने फारच स्वस्त होते.

बांधून झाले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. हादऱ्यांनी सामान बसते आणि सामान बसले की पट्टा ढिला पडतो. अमेरिकेत मालट्रक चालवणाऱ्याने पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून बांधणी तपासावी असा नियमच आहे. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर, जवळजवळ अकोला ते वाशिम. आपल्या रस्त्यांचे खाचखळगे लक्षात घेता पहिल्या दहा किलोमीटरांवरच एकदा खाली उतरावे, चारी पट्ट्यांवर हात फिरवावा आणि मग चहा घ्यावा. क्रम उलटा करू नये.

आता ज्याच्यासाठी एवढे लिहिले ते सांगतो. वर दिलेला सारा हिशेब खोक्याचा आहे, पोत्यांचा आहे, कपाटाचा आहे, माणसाचा नाही. पाचशे किलोंचा संसार चार पट्ट्यांनी धरून ठेवता येतो, पण त्याच्यावर झोपलेल्या पोराला धरून ठेवील असा पट्टा नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे हौसेने मालावर बसत नाहीत. उचल घेतलेली असते, मुकादमाने एकच गाडी पाठवलेली असते आणि संसार टाकून जाता येत नाही, म्हणून बसतात. मालवाहू गाडी माणसे वाहण्यासाठी नाही, हे कायदाही सांगतो. पण कायदा काही दुसरी गाडी पाठवीत नाही. ती पाठवावी लागते ज्याला कोयते हवे आहेत त्याने. सामानाची गाडी वेगळी आणि माणसांची वेगळी, एवढी साधी मागणी आहे, आणि साखर खाणाऱ्या आपण सर्वांनी ती करायला हवी.

आपल्यापैकी पुष्कळांचा प्रश्न याहून लहान असेल. बदली झाली, पिकअप ठरवली, सामान चढले, आणि हमाल म्हणतो, "पोरगं बसू द्या की मागं, कपाट धरून." तेव्हा नाही म्हणावे. कपाट धरायला पट्टा असतो. पोराला पुढे आपल्याजवळ घ्यावे, नाहीतर एस्.टी.चे तिकीट काढून द्यावे.