गिरणी कामगारांच्या घरांसाठी शेवटची मुदत : १८ जानेवारी

राज्य सरकार, म्हाडा आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे करणारे मालक-विकासक, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. येत्या १८ जानेवारीपर्यंत प्रत्येक पात्र गिरणी कामगाराला किंवा त्याच्या वारसाला आपले घर कुठे, कोणत्या वर्षी आणि किती पैशांत मिळणार, हे लेखी कळले पाहिजे. कळले नाही, तर त्याच दिवशी आम्ही आझाद मैदानात बसू. वेळापत्रक हातात पडल्याशिवाय उठणार नाही.

तारीख मुद्दाम निवडली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंगे थांबले, खाती बंद पडली, माणसे गावी गेली, नाहीतर मिळेल त्या कामाला लागली. घरांच्या योजनेसाठी १ जानेवारी १९८२ ही पात्रतेची तारीख धरलेली आहे. त्या दिवशी अठरा वर्षांचा असलेला बदली कामगारही आज साठीच्या पुढे गेला आहे. तेव्हाच साच्यावर वीस वर्षे काढलेला माणूस हयात असेल, तर ऐंशीच्या आसपास आहे. या माणसांना ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे सांगणे म्हणजे नकार देणेच आहे. सरकारने हे नीट समजून घ्यावे.

आम्ही दान मागत नाही. गिरणगावात गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते : एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या, ती वाटणीतून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. परळ-लोअर परळला आज जे काचेचे मनोरे आणि मॉल दिसतात, ते या बदलाचे फळ आहे. म्हाडाच्या आणि पर्यायाने कामगारांच्या वाट्याला जमिनीचे तुकडे आले. ज्यांच्या सोयीसाठी नियम वाकला, त्यांची घरे केव्हाच बांधून, विकून झाली. ज्यांच्या घामावर ती जमीन सोन्याची झाली, ते अजून रांगेत आहेत.

आता सरकारनेच दिलेल्या घरांचा हिशेब पाहा. घरांसाठी सुमारे १ लाख ७४ हजार अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे, २०१६ मध्ये गिरण्यांच्या जागेवरची २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोनची २,४१७, तर २०२० मध्ये ३,८९४ घरे. एकूण १५,८७०. आठ वर्षांत वर्षाला सरासरी दोन हजारांच्या आत. या गतीने उरलेल्या अर्जदारांना घरे द्यायला ऐंशी वर्षे लागतील. कोनला तर नंबर लागल्यावरही ताब्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात ती घरे करोनाच्या विलगीकरणासाठी वापरली गेली आणि मग दुरुस्तीत अडकली. नंबर लागल्याचा आनंद झालेली कित्येक माणसे किल्ली हातात येण्याआधी गेली. त्यांची माफी कोणी मागितली?

यावर उपाय म्हणून मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीची घरे पुढे करण्यात आली. एका घराची किंमत १५ लाख. सरकार साडेपाच लाख देणार, कामगाराने साडेनऊ लाख भरायचे. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यातला एक पैसाही न खाता साठवला, तरी साडेनऊ लाख जमायला बावन्न वर्षांहून अधिक काळ लागेल. पंचाहत्तरीच्या विधवेला कोणती बँक गृहकर्ज देणार आहे? आणि शेलू-वांगणी कर्जत मार्गावर, सीएसएमटीहून लोकलने दीड-दोन तासांवर आहे. कापसाची धूळ छातीत भरून ज्यांना दम्यासारखा विकार जडला, साच्यांच्या आवाजाने ज्यांचे कान गेले, त्यांचे उपचार परळच्या केईएममध्ये आणि ईएसआयसीच्या महात्मा गांधी रुग्णालयात चालतात. ऑक्सिजन लागणाऱ्या म्हाताऱ्याने तपासणीसाठी सकाळच्या कर्जत लोकलमध्ये चढायचे काय? ज्यांना तिथे जायचे आहे, त्यांनी खुशाल जावे. पण तिथले घर नाकारणाऱ्याचा हक्क संपवणे आम्ही चालू देणार नाही. जुलै २०२५ मध्ये हजारो वृद्ध भरपावसाळ्यात आझाद मैदानात उतरले ते याच रागाने.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. पात्र अर्जदारांची वयानुसार यादी जाहीर करा. पंचाहत्तरीपुढचे, विधवा आणि अंथरुणाला खिळलेले यांना सोडतीशिवाय आधी घर द्या.

२. मुंबईतील गिरण्यांच्या आणि सरकारी जमिनींवर किती घरे, कोणत्या वर्षी होणार, ते तारखांसह लिहून द्या. मुंबईबाहेरचे घर नाकारले म्हणून कोणाचाही हक्क जाणार नाही, याची हमी प्रत्येक अर्जदाराला लेखी द्या.

३. ज्यांचे उत्पन्न निराधार योजनेच्या मर्यादेत आहे, त्यांच्याकडून एकरकमी किंमत मागू नका. त्यांच्या वाट्याची रक्कम सरकारने आणि गिरण्यांच्या जमिनींवर नफा कमावलेल्यांनी भरावी.

४. घर मिळेपर्यंत निराधार कामगाराला आणि विधवेला घरभाडे द्या.

५. चाळीस वर्षांपूर्वीचा गिरणीचा पास आणि तिकीट नंबर म्हाताऱ्यांकडे मागत बसू नका. भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयसीच्या नोंदी सरकारने स्वतः काढाव्यात.

दलालांनाही बजावून ठेवतो. ‘साहेबांशी ओळख आहे, नंबर लावून देतो’ म्हणून लालबाग-काळाचौकीपासून कोकण-साताऱ्याच्या गावांपर्यंत जे फिरतात, त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांच्या दारात पाऊल टाकू नये. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही. पैसे मागणारा सापडला, तर आम्ही त्याला थेट पोलीस ठाण्यात नेऊ.

आणि हे आपल्याच घरातल्या लोकांसाठी. बापाच्या नावावर घर लागले की त्याची सही घ्यायची आणि मग त्याला गावच्या पडवीत नेऊन टाकायचे, असे करणाऱ्या मुलांनी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचावा. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. अशा मुलांच्या पाठीशी आम्ही उभे राहणार नाही. बापाच्या बाजूने न्यायाधिकरणात उभे राहू.

कामगार बंधू-भगिनींनो, तोवर तुम्हीही गाफील राहू नका. अर्जाची पोच, पास, पीएफची चिठ्ठी, ईएसआयसी कार्ड यांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवा. कामगार हयात नसेल, तर वारसांनी आपसातले वाद आताच मिटवून कागद तयार करावेत. एका भावाच्या हरकतीपायी आईचे घर अडवू नका. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. घरातून हाकलले जात असाल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.

सरकारने आमच्या वयाकडे पाहून आम्हाला कमी लेखू नये. १८ जानेवारीला आझाद मैदानात काठ्या टेकत येणारी माणसे असतील, चाकाच्या खुर्च्या असतील, गेलेल्या कामगारांच्या बायका असतील आणि त्यांना घेऊन येणारी तिसरी पिढी असेल. तिथे बसूनही वेळापत्रक मिळाले नाही, तर प्रत्येक पात्र अर्जदाराच्या वतीने आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. आणि मते मागायला गिरणगावात येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, मग तो सत्तेतला असो वा विरोधातला, एकच प्रश्न विचारू : यादी कुठे आहे? उत्तर नसेल, तर मतही मिळणार नाही.