मांडवीत पायी चालण्याची लाज

स्वित्झर्लंडातील झेरमॅट पाहून आलेली आपली मंडळी तेथील निवांतपणाची फार वाखाणणी करतात. त्या गावी बाहेरची मोटार नेता येत नाही. सुमारे ५ किलोमीटर अलीकडे, टेशला ठेवून आगगाडीने वर जावे लागते. तेथे हा नियम निमूटपणे पाळणारेच बडोद्यास परतल्यावर, मोटार विठ्ठलनाथजींच्या दारापर्यंत गेलीच पाहिजे, असा हट्ट धरतात. हा कोणता न्याय?

जुन्या शहराच्या चार दरवाजांकडून येणारे रस्ते मांडवीपाशी मिळतात. २०२५ साली त्या वास्तूच्या खांबाला तडे गेले. तरी वाहनबंदीचे नाव काढताच वृद्धांची ढाल पुढे केली जाते. माथेरानास मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथे वृद्ध राहत नाहीत काय? झेरमॅटप्रमाणे मांडवीतही अशक्तांसाठी विजेच्या लहान गाड्या ठेवाव्यात आणि दुकानांचा माल पहाटे यावा. रस्ता सर्वांचा असला, तरी त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्तिकी एकादशीला देवाच्या पालखीमागे आनंदाने चालणाऱ्या भक्तांना एरवी देवळापर्यंतची दोनशे पावले जड का व्हावीत?