तापाचे कौतुक

‘अंगात ताप असूनही पठ्ठ्याने शर्यत पुरी केली!’ वाचकहो, या वाक्याला टाळ्या पडल्या की माझे माथे भडकते. यात कौतुक ते कसले? तापलेल्या अंगाला डोंगर चढायला लावले की राबणारे स्नायू त्या उष्णतेत भरच घालतात. शिवाय साध्या फ्लूनेही कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते; तशात जिवाचा आटापिटा केला तर हृदयाचा ताल चुकून माणूस जागच्या जागी कोसळतो.

टॉम सिम्पसन तर कसलेला व्यावसायिक. १३ जुलै १९६७ रोजी, ‘टूर द फ्रान्स’मध्ये, पोट बिघडलेले असताना तो रणरणत्या उन्हात मों व्हाँतूचा डोंगर चढत होता. उत्तेजक गोळ्या व मद्यही पोटात होते. पडला, पुन्हा सायकलवर चढला, आणि शिखराच्या अलीकडेच संपला. वय अवघे २९! त्याचे तर पोटच त्या सायकलवर होते. आम्हां हौशी मंडळींना कसली सक्ती?

गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीतल्या अशाच एका डोंगरी शर्यतीत, चढावर मला हुडहुडी भरली. मी उतरलो व सायकल हाती धरून परतलो. “मास्तर, मुलांना हेच शिकवता काय?” ध्वनिक्षेपकावरून प्रश्न आला. होय, हेच! वर्गात तापाने फणफणलेल्या पोराला मी घरी धाडतो. त्यालाच रविवारी दगडधोंड्यांतून दामटू काय?

संयोजकांनी टाळ्या आवराव्यात, आणि आजारी स्पर्धकाचे प्रवेशशुल्क मुकाट परत करावे. निम्मे लोक त्या पैशांपायीच सायकलवर बसतात.