व्यवहारविवेक : फोन ‘अनलॉक’ आहे, पण चालेल का?



दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की दुबई, हाँगकाँग, अँटवर्प वा अमेरिकेत स्थायिक झालेले आपले आप्त घरी येतात आणि त्यांच्या सामानात एखादा नवा फोन हमखास असतो. कधी तो भेट म्हणून येतो, कधी ‘तिकडे स्वस्त मिळतो’ म्हणून आपणच मागवलेला असतो. देणाऱ्याचे प्रेम निःसंशय असते; परंतु त्या फोनमध्ये आपले सिम घातल्यावर काय होईल, याचा विचार बहुधा फोन हाती आल्यावरच होतो.

व्यापारी घरात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचा व्यवहार, ग्राहकाने यूपीआयने पाठवलेली रक्कम, ई-वे बिल, या सर्वांच्या किल्ल्या आज एकाच मोबाइल क्रमांकावर टांगलेल्या आहेत. यूपीआयचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना त्याच फोनमधील सिमवरून एसएमएस जावा लागतो. तो गेला नाही, तर कितीही महागडा फोन पेढीच्या उपयोगाचा नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी कोणती खातरजमा करावी, हे या वेळी क्रमाने पाहू.

विक्रेता ‘फोन अनलॉक आहे’ असे सांगतो आणि आपण निश्चिंत होतो. वस्तुतः हा शब्द केवळ कराराविषयी सांगतो. अमेरिकेत अनेक फोन दूरसंचार कंपनीकडून हप्त्यांवर घेतले जातात आणि हप्ते फिटेपर्यंत ते त्याच कंपनीच्या सिमशी बांधलेले राहतात. ते बंधन सुटले, एवढाच ‘अनलॉक’चा अर्थ. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यास ‘कॅरियर लॉक’ या शब्दांपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले पाहिजे. अन्य फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे, ही सर्वांत सरळ परीक्षा होय.

बंधन सुटलेला फोन आपल्या कंपनीचे नेटवर्क पकडेलच असे मात्र नाही. प्रत्येक देशात मोबाइल सेवेसाठी वेगवेगळ्या लहरी ठरवून दिलेल्या असतात आणि त्यांना ‘बँड’ क्रमांक असतात. भारतात जिओची ४जी सेवा मुख्यतः ३, ५ आणि ४० या बँडवर चालते. एअरटेलची १, ३, ८ आणि ४० वर, तर व्ही अर्थात व्होडाफोन-आयडियाची १, ३, ८, ४० आणि ४१ वर चालते. बीएसएनएलच्या ४जीसाठी १ आणि २८ हे बँड महत्त्वाचे आहेत. ५जीसाठी फोनमध्ये एन७८ असावा. जिओसाठी एन२८ही असल्यास उत्तम.

आता उदाहरण घेऊ. अमेरिकेतील एखाद्या कंपनीसाठी बनवलेल्या स्वस्त फोनवर २, ४, ५, १२, १३, ६६ आणि ७१ एवढेच बँड आहेत असे समजा. जिओशी त्यातला एकच, म्हणजे ५ क्रमांकाचा बँड जुळतो. एअरटेल किंवा व्ही यांच्या वरील बँडशी तर एकही जुळत नाही. फोनला जुन्या २जीची सोय असेल, तर त्या सिमवर बोलणे कदाचित होईल. पण इंटरनेट इतके मंद असेल की व्हॉट्सॲपवरील मालाचा फोटोही नीट उघडणार नाही. फोन नवा, अनलॉक आणि निर्दोष असूनही पेढीवर निरुपयोगी ठरेल. याउलट आयफोन किंवा सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतील फोनमध्ये पुष्कळ देशांचे बँड एकत्र असतात, त्यामुळे तेथे अडचण क्वचित येते.

ही जुळणी पाहताना फोनच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाचा फोन निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मॉडेल क्रमांकाने विकला जातो आणि त्या क्रमांकागणिक बँड बदलतात. आयफोनचा मॉडेल क्रमांक ‘ए’ हे अक्षर आणि पुढे चार अंक अशा स्वरूपाचा असतो. तो आप्ताकडून मागवून घ्यावा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तपशील आपल्या कंपनीच्या बँडशी ताडून पाहावा. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे.

बँड जुळल्यावरही कॉल लागेल का, हे पाहावे लागते. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली ती ४जीवरच. तिच्याकडे २जी किंवा ३जी नाही. म्हणून जिओवर बोलण्यासाठी फोनमध्ये ‘व्होल्टी’ची सोय हवी आणि ती आपल्या कंपनीसाठी सुरू झालेली हवी. काही परदेशी फोनमध्ये यंत्रणा असते, परंतु सॉफ्टवेअर ती भारतीय सिमवर उघडत नाही. यंत्र आणि परवानगी या भिन्न गोष्टी आहेत, याचे ठळक उदाहरण आपल्याच देशात घडले. भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्या वेळी आयफोन १२ आणि त्यापुढील फोनमध्ये ५जीची यंत्रणा होती. तरीही सर्वसामान्य ग्राहकांना ५जी मिळाले ते डिसेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.२ आल्यावर. म्हणून शक्य असेल तेथे प्रत्यक्ष सिम घालून एक कॉल करावा, एक घ्यावा, एक एसएमएस पाठवावा आणि मगच रक्कम द्यावी.

अमेरिकेतील आयफोनविषयी आणखी एक सूचना. २०२२ मधील आयफोन १४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनला सिमचा कप्पाच नसतो. ते केवळ ई-सिमवर चालतात. जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही कंपन्या ई-सिम देतात, म्हणून फोन चालतो. पण जुने सिम काढून यात घालू, हा बेत फसतो. शिवाय सिम बदलल्यानंतर फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. ज्यांना दरमहा २० तारखेस जीएसटीआर-३बी भरावयाचे असते, त्यांनी १९ किंवा २० तारखेला हा बदल करू नये.

जुना किंवा कोणा अनोळखी व्यक्तीकडून फोन घेताना त्याचा पूर्वेतिहासही तपासावा. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही रोमन अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवल्यास त्या फोनची स्थिती कळते. संचार साथी या शासकीय संकेतस्थळावरही ही सोय आहे. क्रमांक काळ्या यादीतील किंवा दुबार निघाला, तर किंमत कितीही मोहक असली तरी तो घेऊ नये. आयएमईआय बदलून देण्याची भाषा करणाऱ्यापासून तर दूरच राहावे. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार तो शिक्षापात्र गुन्हा आहे.

आपल्यापैकी काहींची मोबाइलचीच दुकाने आहेत. त्यांच्यासाठी ही बाब अधिक गंभीर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे हा ‘तदाहृतादान’, राज्याचे नियम डावलून व्यापार करणे हा ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि अस्सल म्हणून नकली देणे हा ‘प्रतिरूपकव्यवहार’. सीमाशुल्क चुकवून आणलेला, चोरीचा किंवा बनावट आयएमईआयचा फोन विकणारा यांपैकी कशात तरी सापडतोच. आणि ग्राहकाने ‘माझ्या सिमवर चालेल ना?’ असे विचारल्यावर बँड न पाहताच ‘अनलॉक आहे’ असे उत्तर देणे म्हणजे सत्याणुव्रताशी केलेली तडजोड होय. ‘जिओवर चालेल, एअरटेलवर नाही’ हे स्पष्ट सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक परत जाईल. पण दुकानाची पत राहील.

हाच विचार उलट दिशेनेही लागू आहे. घरातील मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी अमेरिकेस निघाली असेल, तर येथला फोन तेथे चालेल का, हे आधी पाहावे. तेथील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली. त्यामुळे तेथेही कॉलसाठी कंपनीने स्वीकारलेली ‘व्होल्टी’ लागते, आणि एटी अँड टी तर आपल्या यादीत असलेलेच फोन स्वीकारते. त्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आयएमईआय टाकून हे घरबसल्या कळते. परक्या देशात उतरल्यावर पहिला फोन आईवडिलांना लागावा असे वाटत असेल, तर ही तपासणी बॅगा भरण्यापूर्वीच करावी.