1 मेपर्यंत नावे लावा

हा इशारा राज्याच्या कामगार खात्याला आहे, विधी खात्याला आहे आणि न्यायमूर्ती निवडणाऱ्या न्यायवृंदालाही आहे. देणारे आम्ही, पिंपरी, भोसरी, चाकण, महाळुंगेच्या शेडमध्ये राबणारे कामगार.

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेचे कलम 44 सांगते की यापुढे आमचे तंटे चालवणाऱ्या न्यायाधिकरणावर एक न्यायिक आणि एक प्रशासकीय असे दोन सदस्य असतील. दोघांनाही सरकारच नेमणार. महाळुंग्यात गेटबाहेर काढलेल्या पोराला परत घ्यायचे की नाही, यात निम्मा शब्द प्रशासनातून आलेल्या माणसाचा! काल कारखानदारांना पायघड्या घालणारा अधिकारी उद्या त्याच खुर्चीत बसला, तर आम्हाला ते कळणार कसे? दोनच दिवस आधी, 19 नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या न्यायाधिकरण कायद्यातल्या नेमणुका आणि मुदतीच्या तरतुदी रद्द केल्या होत्या. एवढे होऊनही राज्याला अक्कल येणार नसेल, तर ती आम्ही रस्त्यावरून देऊ.

न्याय करणारा कोण निवडतो याची किंमत या मातीला ठाऊक आहे. चाकणच्या उशालाच राजगुरुनगर, म्हणजे पूर्वीचे खेड, आहे. व्हाइसरॉयने 1 मे 1930 ला वटहुकूम काढून लाहोर कट खटल्यासाठी तीन न्यायमूर्तींचे खास न्यायाधिकरण नेमले. 12 मेला आरोपींना भर कोर्टात मारहाण झाली, तेव्हा तिघांपैकी न्या. आगा हैदर यांनी आरोपींना कोर्टातून हलवण्याच्या आदेशाशी आपला संबंध नाही असे नोंदवले. 21 जूनला न्यायाधिकरण नव्याने बनवले गेले आणि त्यात आगा हैदर नव्हते. उच्च न्यायालयात अपिलाची सोयही ठेवलेली नव्हती. 7 ऑक्टोबरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह आमच्या खेडच्या शिवराम राजगुरूंना फाशी सुनावली गेली.

आता वरची पायरी. 2018 पासून मार्च 2025 पर्यंत देशातल्या उच्च न्यायालयांत 715 न्यायमूर्ती नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे 22, जमातींचे 16, इतर मागासवर्गीय 89. हा हिशेब सरकारनेच संसदेत दिला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायवृंदातल्याच न्या. नागरत्ना यांनी सर्वोच्च न्यायालयासाठीच्या एका निवडीला विरोध केला, पण प्रसिद्ध झालेल्या निवेदनात त्याचा एक शब्द नव्हता. निवड मंत्र्यांच्या हाती द्या, असे आम्ही म्हणत नाही. 2015 मध्ये न्यायिक नियुक्ती आयोग रद्द झाला तेव्हाची सरकारी हस्तक्षेपाची भीती खोटी नव्हती. पण बंद दाराआडचा वशिला मंत्र्याचा असो की न्यायमूर्तीचा, भोगतो तो कामगारच. कोणत्या निकषावर निवडले, कोणाचे नाव का मागे ठेवले, मतभेद काय होता, हे न्यायवृंदाने लेखी जाहीर करावे.

राज्य सरकारला मुदत येत्या 1 मेपर्यंत. न्यायाधिकरणासाठी जाहिरात काढा. अर्जदारांची नावे, त्यांची आधीची खाती आणि निवड समितीचे सदस्य पुण्याच्या कामगार कार्यालयाबाहेर फलकावर, मराठीत लावा. निवड समितीत स्त्रिया आणि मागासवर्गीय असलेच पाहिजेत. लग्न ठरवतानाही चार घरी चौकशी करतो आपण, इथे तर आमची भाकरी ठरते.

नाही लावलीत, तर 2 मेला सकाळी सहाला आम्ही राजगुरुनगरच्या राजगुरुवाड्यातून पायी निघू. चाकण, मोशी, भोसरी करत नाशिक रस्त्याच्या कडेने पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत येऊ. रस्ता अडवणार नाही, काच फोडणार नाही. नावे मिळेपर्यंत कचेरीसमोरून उठणारही नाही.