रोपांना निधी आहे, राखणीला?

वनीकरणाचा निधी आला की खड्डे खोदतात, रोपं लागतात, फलक रंगतो. योजना संपली की राखणदाराची मजुरी थांबते नि शेळ्या आत शिरतात. हे तुम्हीही पाहिलंय.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. वनहक्क कायदा २००६ चा. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती! एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठं बांबूचा पैसा गावाच्या खात्यात जमू लागला. आता राखणीला अनुदानाची वाट कशाला बघायची?

अर्थात दाव्याची कागदपत्रं, नकाशा, शिवारफेरी यांना आधी खर्च येतोच. सरकारनं मदत करावी ती इथं. तुमच्या गावाचा सामूहिक दावा कुठं अडलाय, हे येत्या ग्रामसभेत वनहक्क समितीला विचारा.